हेरकथा काळी का होते?

गेल्या सुट्टीत नातू म्हैसूरला आला, तो दोन मित्र, रंगीत फासे आणि कागदांचं बाड घेऊनच. म्हणाला, "आजोबा, एक खेळाडू कमी पडतोय. तुम्ही एजंट व्हा." मी बसलो. दोन तासांनी उठलो तेव्हा डोक्यात जे चाललं होतं, तेच आज सांगतो.

आधी हा खेळ म्हणजे काय, ते पाहू. रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येकजण एक पात्र घेतो. एकजण सूत्रधार असतो, तो प्रसंग सांगतो. तुम्ही काय करणार ते तुम्ही सांगायचं आणि जमलं की फसलं ते फाशांवर ठरतं. आम्हा फौजी लोकांना हे अगदीच परकं नाही. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्याने नकाशा, फासे आणि पंच घेऊन अधिकाऱ्यांना लढाई शिकवायला सुरुवात केली. आमचं सँड मॉडेल त्याच कुळातलं. पुढे अमेरिकेत युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींमधूनच 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. राक्षस मारा, खजिना घ्या, बलवान व्हा, असा त्याचा साधा, उजेडातला मामला.

हेरकथांचंही सुरुवातीला असंच होतं. 1962 मध्ये 'डॉक्टर नो' आला आणि जेम्स बाँड पडद्यावर अवतरला. सूट चुरगळत नाही, गोळी लागत नाही आणि घरी कुणी वाट पाहत नाही. आपल्याकडे 1968 मध्ये रामानंद सागर यांचा 'आँखें' आला, धर्मेंद्र हेर झाला. मीही तेव्हा शाळकरी पोर. हेर म्हणजे हेच, असं वाटायचं. 1983 मध्ये बाँडचा रोल-प्लेइंग गेम निघाला, त्यात खेळाडूला चक्क 'हीरो पॉइंट' मिळतात. फासा वाईट पडला तर पॉइंट खर्च करायचा आणि सुटायचं.

पण बाँड पडद्यावर आला त्याच्या पुढच्याच वर्षी जॉन ल कॅरेची 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' ही कादंबरी आली आणि 1965 मध्ये तिचा चित्रपट झाला. ल कॅरे स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात होता. त्याचा हेर थकलेला, दारू पिणारा. आपलंच खातं आपल्याला प्यादं म्हणून वापरतंय, हे त्याला फार उशिरा कळतं. आपल्याकडे 2018 च्या 'राझी'मध्ये मेघना गुलजार यांनी तेच वेगळ्या वाटेने दाखवलं. कामगिरी फत्ते होते, देशाला माहिती मिळते, पण ज्या घरात ती मुलगी सून म्हणून गेली ते घर तिच्याच हातून उद्ध्वस्त होतं. चित्रपट संपताना टाळ्या वाजवाव्यात की नाही, कळत नाही.

पुष्कळ लोक म्हणतात, हे नवं फॅड आहे, पाश्चात्त्यांची निराशा आपल्याकडे आली. मंडळी, ते खरं नाही, आणि त्याचा पुरावा माझ्या घरापासून फार लांब नाही. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात 1905 मध्ये आर. शामशास्त्रींना ताडपत्रावरचं एक हस्तलिखित सापडलं. तंजावर भागातल्या एका पंडिताने ते दिलं होतं. ते कौटिल्याचं अर्थशास्त्र. 1909 मध्ये ते छापलं गेलं. पुढे मुंबई विद्यापीठासाठी आपल्या रा. प्र. कंगल्यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

त्यातली हेरांची भरती वाचा. शेती बुडालेला शेतकरी. धंदा बुडालेला व्यापारी. पोट भरायला वाट शोधणारी गरीब विधवा. 'सत्री' कोण? ज्यांना कुणी नातलग नाहीत, ज्यांना राज्याने पोसायचंच आहे, अशी माणसं. विष घालणारा 'रसद' कोण? ज्याला आपल्या आप्तांबद्दल माया उरलेली नाही असा. आणि शत्रूकडेही पगार घेणारा 'उभयवेतन' पाठवायचा असेल, तर त्याची बायकामुलं आपल्या ताब्यात ठेवायची. तीन हेरांची बातमी जुळली तरच विश्वास ठेवायचा, हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, आणि ज्याची बातमी वारंवार जुळत नाही त्याला गुपचूप संपवायचं किंवा कामावरून काढायचं.

यात कुठे सूट आहे, कुठे हीरो पॉइंट? कौटिल्याला नेमकं ठाऊक होतं की या कामात आड येतं ते घर. म्हणून घर नसलेला माणूस घ्यायचा, नाहीतर घर ओलीस ठेवायचं. आपण बहिर्जी नाईकांचं नाव अभिमानाने घेतो. 1664 च्या सुरतेच्या स्वारीआधी त्यांनी आणलेल्या बातमीचा उल्लेख सभासद बखरीत आहे. पण त्या माणसाच्या घरी काय चाललं होतं, याबद्दल बखर गप्प आहे. काळी हेरकथा नेमकी तिथेच बोलू लागते.

आता नातवाच्या खेळाकडे येतो. त्याचं नाव 'डेल्टा ग्रीन'. 1997 मध्ये तो 'कॉल ऑफ क्थुलू' या भयखेळाची पुरवणी म्हणून आला, 2016 पासून त्याची स्वतंत्र नियमपुस्तिका आहे. त्यात एजंटच्या कागदावर ताकद, अक्कल यांच्याबरोबर नाती लिहिलेली असतात. बायको, मुलगी, जुना मित्र, प्रत्येकापुढे एक आकडा. भयंकर काही पाहिलं की मनाचा तोल ढळतो. तो धक्का कमी करायचा असेल तर एका नात्यावर लोटता येतो. मन वाचतं, नात्याचा आकडा उतरतो. कामगिरी संपली की घरचा प्रसंग खेळायचा, आणि तिथे तो उतरलेला आकडा बोलतो.

सूत्रधाराने विचारलं, "आजोबा, कुणावर लोटू?" माझ्या कागदावर बायकोचं नाव होतं. मी बराच वेळ काही बोललो नाही. सीमेवरून मी घरी लिहिलेल्या पत्रांत 'इकडे सर्व ठीक' हे वाक्य किती वेळा आलं असेल, याचा हिशेब मी कधी केला नव्हता. सुट्टीवर आल्यावर मी जेवताना गप्प असायचो. फासा मी तेव्हाच टाकलेला होता, फक्त आकडा कुठे उतरला ते पाहिलं नव्हतं.

म्हणून कुणी विचारलं की मुलांनी असले काळे खेळ का खेळावेत, तर मी म्हणतो, समजत्या वयात जरूर खेळावेत. निव्वळ अंधार दाखवायचा म्हणून रक्त सांडणाऱ्या कथाही पुष्कळ आहेत, त्या सोडा. पारख सोपी आहे : कामगिरीची किंमत कोण भरतं, हे कथा दाखवते का? उजेडातली हेरकथा पोराला फौजेच्या दारापर्यंत आणते. मलाही तिनेच आणलं, त्याबद्दल तक्रार नाही. काळी हेरकथा त्याला सांगते की परत येताना घरासाठी काही शिल्लक ठेव.

त्या रात्री मी धक्का नात्यावर लोटला नाही. माझा एजंट वेडा झाला, नातू वैतागला. आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "जेवायला बसताय ना?" त्या दिवशी मी जेवताना बोललो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.