विश्वाचे न जुळणारे दोन रिपोर्ट

एकाच रुग्णाचे दोन रिपोर्ट जुळले नाहीत, की आम्ही डॉक्टर आधी तपासणी पुन्हा करायला सांगतो. पुन्हाही तेच आकडे आले, तर मात्र आपल्या निदानाकडेच नव्याने पाहावे लागते. विश्वाच्या प्रसरणाबाबत खगोलशास्त्रज्ञ सध्या याच टप्प्यावर आहेत.

जितकी दीर्घिका दूर, तितकी ती वेगाने आपल्यापासून लांब जाते, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. पण हा वेग नेमका किती?

तो मोजण्याची एक पद्धत ताऱ्यांची आहे. सेफीड ताऱ्यांचा प्रकाश ठरावीक काळाने कमी-जास्त होतो. त्या काळावरून ताऱ्याचे मूळ तेज कळते आणि तो किती मंद दिसतो यावरून अंतर. अशा मोजणीतून अ‍ॅडम रीस यांच्या गटाला २०२२ मध्ये उत्तर मिळाले ते असे : दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटरने वाढतो.

दुसरी पद्धत महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेल्या प्रकाशाची. प्लँक उपग्रहाने त्याचा नकाशा तयार केला. त्याला आजचे मान्य गणित लावले, की आकडा येतो ६७.४.

पहिल्या मोजणीत चुकीला वाव साधारण एक किलोमीटरचा, दुसरीत अर्ध्याचा. फरक मात्र साडेपाच किलोमीटरहून अधिक. जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे शास्त्रज्ञ खास याच प्रश्नावर चर्चा करायला जमले, तेव्हाही तोडगा निघाला नाही. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने सेफीड पुन्हा तपासले. हबल दुर्बिणीची मोजमापे बरोबर निघाली. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला मात्र इतर प्रकारच्या ताऱ्यांवरून ७० च्या आसपास आकडा मिळतो. म्हणून सरासरी काढून मोकळे व्हावे? रिपोर्टची सरासरी काढून निदान होत नाही. एक तर कुठल्या तरी मोजणीत न सापडलेली चूक आहे, किंवा विश्वाविषयीच्या आपल्या समजुतीत काहीतरी राहून गेले आहे.

अशा वेळी तिसरी, स्वतंत्र तपासणी लागते. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळल्यावर आलेल्या गुरुत्वीय लहरींतून ती पहिल्यांदा झाली. उत्तर सुमारे ७० आले; पण चुकीला वाव इतका, की दोन्ही आकडे त्यात बसतात. अशा आणखी टकरी टिपायला हव्यात आणि त्या आकाशात नेमक्या कुठे घडल्या, तेही कळायला हवे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा त्यासाठीच महत्त्वाची आहे.