डोलकाठीला ठोकलेले निशाण

बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम येथे वस्तीस आलेला मराठी माणूस कन्नड वाचावयास शिकू लागला, की 'पण तोडु' या शब्दांपाशी तो अडखळतो. 'पण' म्हणजे प्रतिज्ञा, हे त्यास ठाऊक असते. पण प्रतिज्ञा तोडण्याची एवढी थोरवी कशासाठी? वास्तविक कन्नडमध्ये 'तोडु' म्हणजे अंगावर धारण करणे. वस्त्र ल्यावे तशी तेथे प्रतिज्ञा ल्यावयाची असते. ('कंकणबद्ध' हा तिकडचा शब्द मात्र आपल्याला कोशावाचून कळतो.)

इंग्रजीतील 'टु नेल वन्स कलर्स टु द मास्ट' या काहीशा दुर्मिळ वाक्प्रचारातही असाच चकवा आहे. येथे 'कलर्स' म्हणजे रंग नव्हेत, निशाण होय. शिडाच्या जहाजांच्या युद्धात निशाण उतरविणे ही शरणागतीची खूण असे. ते डोलकाठीला खिळ्यांनी ठोकले, की उतरविण्याची सोयच उरत नाही. 11 ऑक्टोबर 1797 रोजी कॅम्परडाउनच्या लढाईत ॲडमिरल डंकन यांच्या 'व्हेनरेबल' जहाजाचे निशाण तोफांच्या माऱ्याने खाली आले, तेव्हा जॅक क्रॉफर्ड हा खलाशी वर चढून ते ठोकून आला, ही कथा इंग्लंडात प्रसिद्ध आहे.

यावरून वाक्प्रचाराचा उपयोग ठरतो. त्याला वाद हवा, विरोधक हवा आणि उघडपणा हवा. नोकरीच्या अर्जात 'मी आपल्या संस्थेच्या डोलकाठीला निशाण ठोकले आहे' अशा अर्थाचे वाक्य घालणारा उमेदवार, संस्था बुडाली तरी आपण हलणार नाही, असे न कळत लिहून देत असतो! नुसते काम अंगावर घेतले असेल, तर हा प्रयोग करू नये.

मराठीत तो आणताना 'विडा उचलणे' चटकन सुचते, परंतु ते योग्य नाही. विडा भर दरबारात उचलला जातो, हे खरे. तथापि तो एका नेमक्या कामगिरीचा असतो. 1659 साली अफझलखानाने विजापूरच्या दरबारात उचलल्याचे सांगतात, तो असाच. 'परतीचे दोर कापणे' अधिक जवळचे आहे. मात्र सिंहगडाच्या कथेत दोर कापणारा सूर्याजी, आणि माघार खुंटते ती इतरांची. निशाण ठोकणारा स्वतःचीच वाट बंद करतो, आणि तीही शत्रूच्या डोळ्यांदेखत.

आपल्याकडील उदाहरण द्यावयाचे तर आगरकरांचे द्यावे. 'केसरी'तून बाहेर पडून त्यांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढला. पत्राच्या नावातच त्यांचा पक्ष होता. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते निशाण खाली आले नाही. त्यांच्याविषयी इंग्रजीत लिहिताना हा वाक्प्रचार निःशंकपणे वापरावा. 'कलर्स' मात्र अनेकवचनीच ठेवावे, आणि 'वन्स'च्या जागी 'हिज' घालण्यास विसरू नये.