दोन मिनिटांचं अंतर

दक्षिण आफ्रिकेतल्या 'केप एपिक' या माउंटन बाइक शर्यतीच्या नियमावलीत एक कलम आहे. जोडीतल्या दोघांनी एकमेकांपासून दोन मिनिटांहून जास्त लांब जायचं नाही. तपासणीच्या ठिकाणी दोघांच्या वेळेत त्याहून अधिक फरक पडला, की एक तासाचा दंड. दिवसाची वेळही मागून येणाऱ्याने रेषा ओलांडली की मगच लागते. गेली कित्येक वर्षं मी या शर्यतीच्या नादी लागलोय. मार्च उजाडला की रात्री जागून निकाल बघायचे, भेटेल त्याला सांगत सुटायचं, असं चाललेलं असतं. आणि दर वेळी फिरून मी याच कलमापाशी येतो. चढ, उन्हाळा, धूळ या गोष्टी इतर शर्यतींतही सापडतील. केप एपिकचा जीव या दोन मिनिटांत आहे.

आधी थोडक्यात माहिती. केव्हिन व्हेर्माक या दक्षिण आफ्रिकी माणसाने कोस्टा रिकामधल्या एका शर्यतीवरून ही कल्पना उचलली. २००४ साली पहिली शर्यत नाइझ्ना गावाहून निघून स्टेलनबॉशजवळच्या स्पीअर या द्राक्षमळ्यात संपली. आता मार्ग दर वर्षी बदलतो, पण राहतो वेस्टर्न केप प्रांतातच. आठ दिवस, साधारण सहाशे ते सातशे किलोमीटर आणि पंधरा हजार मीटरच्या आसपास चढाई. सिंहगडाचा घाट सहाशे मीटरचा धरला, तर तो पंचवीस वेळा चढण्याइतकी. जोडी दोन पुरुषांची, दोन बायकांची किंवा मिश्र असू शकते. मुक्काम तंबूंत असतो. सामान ट्रकमधून पुढे जातं आणि खेळाडू पोचेपर्यंत गाव उभं राहिलेलं असतं, थेट आपल्या वारीतल्या दिंडीच्या तळासारखं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. दोघांची ताकद कधीच सारखी नसते. सपाट रस्त्यावर ताकदवान गडी पुढे राहून वारा अंगावर घेतो, मागच्याची बरीच शक्ती वाचते. पण उभ्या चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर येतो. तिथे वाऱ्याचा अडसरच नसतो, त्यामुळे पुढे राहून काहीच साधत नाही. मग उपाय उरतात दोन. मागच्याच्या पाठीवर हात ठेवून ढकलायचं, नाहीतर त्याचं ओझं आपल्याकडे घ्यायचं. पाण्याची बाटली, टायरचे प्लग, पंप, साखळीची कडी, सगळं. उतारावर हिशेब उलटा होतो. ज्याचा हात हँडलवर जास्त बसलेला, तो पुढे जाऊन वाट निवडतो आणि दुसरा धुळीतून दिसेल एवढं अंतर ठेवून त्याच रेषेवरून येतो. म्हणजे एकाच दिवसात पुढारीपण कितीतरी वेळा हात बदलतं.

माझ्या मते जास्त कठीण काम ताकदवान गड्याचं असतं. दमलेल्याचं दुखणं दिसतं तरी. पुढच्याला मात्र आपल्या लयीपेक्षा सावकाश चालवायचं असतं, सारखं मागे वळून बघायचं असतं, आणि चेहऱ्यावर वैताग दिसू द्यायचा नसतो. कारण तो दिसला की मागचा स्वतःच्या ताकदीबाहेर जोर लावतो आणि तासाभरात पुरता बसतो. दुसऱ्या बाजूने दमलेल्याचा मोठा गुन्हा म्हणजे दमल्याचं लपवणं.

हे मी पुस्तकी सांगत नाही. एका मार्चमध्ये मी मुद्दाम तिकडे गेलो आणि पार्ल-स्टेलनबॉश भागात एका वॉटर पॉइंटच्या कडेला दिवसभर उभा राहिलो. अव्वल खेळाडू वाऱ्यासारखे निघून गेले, ते बघून झाले. खरी मजा दुपारी, मधल्या आणि शेवटच्या जोड्या येऊ लागल्या तेव्हा. एक मध्यमवयीन जोडपं आलं. बाई पुढे, नवरा मागे. तो सायकलवरून उतरलाच नाही, हँडलवर कोपरं टेकून मान खाली घालून उभा राहिला. तिने आपली सायकल आडवी टाकली, त्याच्या दोन्ही बाटल्या काढून भरून आणल्या, एनर्जी जेलचं पाकीट दातांनी फोडून त्याच्या हातात दिलं, आणि तो ते खाईस्तोवर त्याच्या साखळीवरची माती फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडले. मीठ लावलेला उकडलेला बटाटा त्याच्या तोंडाशी धरला, त्याने नको म्हटलं, तिने हात हलवला नाही. शेवटी त्याने खाल्ला. सगळ्यात मिळून दोघांमध्ये चार शब्द झाले असतील. तिने स्वतः काय खाल्लं, ते मला दिसलं नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण त्या डोंगरांवर गेल्यावर खाली बघितल्याशिवाय राहवत नाही. चाकाखालचा दगड वालुकाश्माचा, आणि त्यावर फिनबॉस नावाचं झुडपी रान. या केप पुष्पप्रदेशात सुमारे नऊ हजार जातींच्या वनस्पती आहेत आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशाहून अधिक जगात दुसरीकडे कुठेही आपणहून उगवत नाहीत. प्रोटियाच्या काही जाती आपलं बी वर्षानुवर्षं बोंडात बंद ठेवतात आणि वणवा येऊन गेल्यावरच ते जमिनीवर सोडतात. शर्यतीच्या वाटेवर काळवंडलेले पट्टे लागतात, त्यांत हे नवे कोंब दिसतात. खाली दरीत त्याच सुमाराला द्राक्षांची तोडणी चालू असते.

जोडीची गोष्ट निघाली की मला साउझर आणि स्टँडर आठवतात. क्रिस्टोफ साउझर हा स्विस खेळाडू, सिडनी ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता, २००८ चा विश्वविजेता. बरी स्टँडर दक्षिण आफ्रिकेचा, साउझरपेक्षा अकरा वर्षांनी लहान. दोघांनी मिळून २०११ ची केप एपिक जिंकली. पुरुष गटात यजमान देशाचा माणूस पहिल्यांदाच विजेता झाला होता. २०१२ मध्ये पुन्हा तेच जिंकले. ३ जानेवारी २०१३ रोजी सराव करताना टॅक्सीची धडक बसून स्टँडर गेला, वय अवघं पंचवीस. शर्यत अडीच महिन्यांवर होती. साउझर आला. सोबत लंडन ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी होता, आणि संघाच्या नावात बरी स्टँडरचं नाव होतं. त्या वर्षीही विजेता साउझरच ठरला. २०१५ मध्ये कुल्हावीबरोबर त्याने, स्टँडरच्या आधीचं एक धरून, पाचवं विजेतेपद घेतलं. जर्मनीच्या कार्ल प्लाटचीही विजेतेपदं पाचच आहेत. बायकांमध्ये डेन्मार्कच्या आनिका लांगवाडने २०१९ पर्यंत पाच विजेतेपदं घेतली, तीही तीन वेगवेगळ्या जोडीदारणींबरोबर. या बाई शिक्षणाने दंतवैद्य. नव्या जोडीदाराशी दर वेळी नव्याने जमवून घेत जिंकणं मला पाचच्या आकड्याहून मोठं वाटतं.

आपल्याकडे जोडीने केलेल्या पराक्रमाचं नाव काढायचं तर नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंचं घ्यावं लागेल. २०१५ मध्ये त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. पण तिथे पाळी असते. एक चालवतो तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेऊ शकतो. केप एपिकमध्ये ती सोय नाही. जोडीदाराने शर्यत सोडली तर दुसऱ्याला पुढे चालवत राहता येतं, पण जोडी म्हणून क्रमवारीत त्यांना जागा राहत नाही.

मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला मातीच्या वाटांवर याच नियमाने चालवतो, घड्याळ लावून. पहिल्या काही महिन्यांत आमच्यात वाद व्हायचे, बहुतेक खाण्यावरून. आता ठरलेलं आहे. दर अर्ध्या तासाला जो पुढे असेल त्याने ओरडायचं आणि दोघांनी खायचं, भूक असो नसो. "आधी पाणी पी, मग बोल," हे आमच्यातलं सर्वांत जास्त वेळा म्हटलं जाणारं वाक्य आहे.

ज्या वाचकांना हे करून बघावंसं वाटेल त्यांनी लगेच आफ्रिकेचं तिकीट काढू नये. हिमाचलात 'एमटीबी हिमालय'सारखी अनेक दिवसांची शर्यत झालेली आहे, आणि सह्याद्रीतल्या वाटा तर दाराशीच आहेत. सायकल घेण्याआधी जोडीदार ठरवा. त्याच्याबरोबर लागोपाठ तीन दिवस डोंगरात चालवा, एकाच तंबूत झोपा, आणि चौथ्या दिवशी सकाळी दोघांनाही पुन्हा निघावंसं वाटतंय का ते बघा. वाटत असेल तर मग अर्ज भरा.