खडीच्या रस्त्यावर सायकल कशी चालवावी?



सडकेवर सायकल चालवणे सोपे असते. पण आमच्या वस्तीचा रस्ता जंगलातून, डोंगराच्या कडेने येतो. खाली मुरूम, वर सुटी खडी आणि मध्ये पावसाने पाडलेल्या घळी. या रस्त्यावर मी पडलो आणि मग शिकलो. ते सांगतो.

आपल्या बीड जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. ते १९९४ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. इकडचा डोंगर काळ्या पाषाणाचा. तो ऊन-पावसाने झिजला की मुरूम होतो. मुरूम दबून बसला तर रस्ता बरा. पण वरची सुटी खडी चाकाखाली गोट्यांसारखी घरंगळते.

दिवाळीनंतर माय आणि अण्णा ऊसतोडीला गेले. जाताना अण्णांनी त्यांची जुनी काळी सायकल माझ्याकडे दिली. म्हणाले, "बहिणीला शाळेत न्यायचं काम आता तुझं. शाळा बुडवू नका." तिसऱ्याच दिवशी मी उताराला सायकल सुसाट सोडली. वळणावर एक मोर आडवा आला. मी घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबला. पुढचे चाक घसरले आणि आम्ही दोघे खडीत! बहिणीचा गुडघा फुटला. ती चार दिवस शाळेत आली नाही. आजी म्हणाली, "ठेव ती सायकल घरात!" मला लई वाईट वाटले.

मी गुरुजींना विचारले, "सायकल घसरली कशामुळे?" त्यांनी समजावून सांगितले. ब्रेक दाबला की आपला भार पुढे जातो. डांबरावर चाकाला पकड असते, खडीवर नसते. पुढचे चाक फिरायचे थांबले की हँडल वळवून उपयोग नाही, सायकल आडवी होते. मागचे चाक थोडे घसरले तरी सायकल सावरता येते. म्हणून हे लक्षात ठेवा :

१) वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नाही. मागचा ब्रेक जास्त, पुढचा अगदी हलका दाबावा.

२) उताराला दोन्ही पायडल सारख्या उंचीवर ठेवावेत, म्हणजे खालचा पायडल दगडाला लागत नाही. सीटवरून थोडे उठून अंग मागे घ्यावे. कोपरे आणि गुडघे सैल ठेवावेत, म्हणजे धक्के अंगाला कमी बसतात.

३) चढाला उभे राहून जोर लावला तर मागचे चाक जागीच फिरते. बसून सावकाश मारावे. नाहीच जमले तर उतरून ढकलावे. त्यात लाज कसली?

४) टायरमध्ये हवा दगडासारखी टणक नको. थोडी कमी असली तर टायर जमिनीला नीट धरतो. पण फारच कमी झाली तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात.

५) बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले, तर ट्यूब जोडण्याआधी टायर आतून बोटाने जपून चाचपावा. काटा आतच राहिला तर ट्यूब पुन्हा फुटते. मी हे एकदा विसरलो आणि एकच पंक्चर दोनदा काढले!

६) जंगलात मोर, हरणे दिसली तर थांबावे. मागे लागू नये.

गुरुजींनी आणखी एक गंमत सांगितली. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. त्या भागात १९७६ पासून काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर उताराची शर्यत लावत. त्यांच्या मागच्या चाकातले ब्रेक इतके तापत, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे खास डोंगरासाठी सायकली तयार झाल्या. रुंद टायर, चढासाठी गिअर, जोरदार ब्रेक. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यांची शर्यतही झाली. म्हणजे सुरुवात आपल्यासारख्याच जुन्या सायकलींवर झाली होती!

गुरुजींचे ऐकून मी एक युक्ती केली. सायकलला मागे ज्वारीचे अर्धे पोते बांधले आणि रविवारी तोच उतार पुन्हा पुन्हा उतरलो. पहिल्या दिवशी पोते दोनदा पडले. दुसऱ्या रविवारी एकदाही पडले नाही. मग आजीला वस्तीवरून पाहायला लावले. ती म्हणाली, "आता ने पोरीला. पण हळू." बहीण घाबरत बसली. मोर दिसलेल्या वळणावर तिने माझा सदरा घट्ट धरला होता. आम्ही सावकाश उतरलो आणि प्रार्थनेच्या आधी शाळेत पोहोचलो. त्यानंतर तिची शाळा सायकलवाचून बुडाली नाही.

माय आणि अण्णा आता परत आले आहेत. मी बहिणीला पाडले, हे त्यांना अजून सांगितलेले नव्हते. अण्णांना वाचता येत नाही. म्हणून आज बहीणच त्यांना हा लेख वाचून दाखवणार आहे. अण्णा, चूक माझी होती. सायकलचे हँडल थोडे वाकडे झाले होते, ते मी सरळ करून घेतले आहे.

— इयत्ता सातवी