धरमतरापलीकडचा समुद्र

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. विसाव्या शतकाच्या आरंभी या बाजूच्या मंडळींचा समुद्रप्रवास म्हणजे बहुधा धरमतरच्या खाडीतून आगबोटीने मुंबई गाठणे, इतकाच. त्याच सुमारास, १९०७ साली, ‘मॉरिटेनिया’ ही प्रचंड आगबोट लिव्हरपूल-न्यूयॉर्क मार्गावर धावू लागली व अटलांटिक महासागर पाच-साडेपाच दिवसांत ओलांडू लागली. त्यासाठी रोज सुमारे हजार टन कोळसा लागे! वर गालिचे अंथरलेले दिवाणखाने, तळाशी भट्टीपुढे होरपळणारे कोळसेवाले. वर्णने मात्र दिवाणखान्यांचीच होतात.

तोच महासागर एका मराठी स्त्रीने चोवीस वर्षे आधी ओलांडला होता, आणि आम्हांस थोरवी वाटते ती तिची. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघे अठरा. पतीची सोबत नाही. परदेशगमनाने जात जाते असे मानणाऱ्या समाजाला त्यांनी बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत आधीच सांगून ठेवले होते, की आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ. १८८६ साली त्या डॉक्टर होऊन परतल्या, पण क्षयाने खंगून. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.