दमेकरी वाढले, खाटा रिकाम्या झाल्या

फिनलंडने 1994 साली दम्यासाठी दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. जेमतेम पन्नास लाख वस्तीचा देश, आणि दमा वर्षानुवर्षं वाढता. दहा वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दम्याच्या औषधांवर सरकारी सवलत घेणारे रुग्ण सुमारे 1 लाख 35 हजारांवरून 2 लाख 7 हजारांवर गेले होते. आपल्याकडे एखाद्या जिल्ह्यात असं झालं, तर ‘योजना फसली’ असा मथळा छापून यायला वेळ लागणार नाही. फिनलंडच्या कार्यक्रमाकडे मात्र इतर देश आदर्श म्हणून पाहू लागले.

गैरसमज: रुग्ण घटले तरच कार्यक्रम यशस्वी

दमा मुळासकट घालवणारं औषध आज नाही. तो आटोक्यात ठेवता येतो, आणि नीट ठेवला तर माणूस रात्रभर झोपतो, कामावर जातो, जिने चढतो. म्हणून मोजायचं ते हे की किती जणांना दवाखान्यात पडून राहावं लागलं. फिनलंडमध्ये 1993 साली दमेकऱ्यांनी रुग्णालयात काढलेले दिवस होते सुमारे 1 लाख 10 हजार. 2003 साली ते 51 हजारांवर आले. दम्याने होणारे मृत्यू 123 वरून 85 झाले. एका रुग्णामागचा वार्षिक खर्च 1,611 युरोंवरून 1,031 युरोंवर उतरला. रुग्ण वाढले, कारण दमा खरोखरच वाढत होता आणि तो लवकर ओळखलाही जात होता.

आपलं चित्र नेमकं उलटं आहे. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ अभ्यासाच्या 2019 च्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक आपल्याकडे होतात. देशात नऊ ठिकाणी, त्यांत पुण्यातही, झालेल्या पाहणीत छातीत घरघर होणाऱ्यांपैकी 82 टक्के लोकांना ‘तुम्हाला दमा आहे’ असं कुणी सांगितलेलंच नव्हतं. ‘ॲलर्जी आहे’, ‘कफाची प्रकृती’, ‘बाळदमा, वयात आलं की जाईल’ अशी नावं घेत तो घराघरांत राहतो.

गैरसमज: पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही

“पंप नको, गोळ्या द्या,” ही विनंती छातीच्या डॉक्टरांना रोज ऐकावी लागते. लग्नाच्या बोलणीत तर पंप पर्समध्ये दडवला जातो. या भीतीला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलची नेहमीची गोळी 4 मिलिग्रॅमची. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीसावा भाग. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते, म्हणून हात थरथरतात आणि छाती धडधडते. पंपाचं औषध थेट जिथे हवं तिथे पोचतं.

स्टेरॉइडचंही तसंच. दम्याचा झटका आल्यावर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या जातात, त्या बहुधा दिवसाला 40 मिलिग्रॅम. रोजच्या पंपातल्या ब्युडेसोनाइडचा एक डोस असतो 200 मायक्रोग्रॅमचा. दोन औषधं वेगळी, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण पंपातल्या स्टेरॉइडला घाबरून तो टाळणारा माणूस बऱ्याचदा शेवटी झटका येऊन मोठा डोस तोंडाने घेतो, हे मात्र खरं. पंपाचे त्रास नाहीत असं नाही. आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी येते. त्यासाठी पंप घेतल्यावर चूळ भरायची. मुलांची उंची एखाद्या सेंटिमीटरने कमी राहू शकते. सवय म्हणाल तर ती या औषधाची लागत नाही. आजार दीर्घकाळचा, म्हणून औषधही दीर्घकाळचं, इतकंच.

गैरसमज: दम लागला की पंप, बरं वाटलं की बंद

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. धाप नसली तरी सूज असते. तारी हाहतेला या फिनिश डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतंच निदान झालेल्या 103 रुग्णांवर दोन वर्षं अभ्यास केला आणि 1991 साली दाखवून दिलं की सुरुवातीपासून सूज उतरवणारं औषध घेणारे, फक्त श्वासनलिका सैल करणारं औषध घेणाऱ्यांपेक्षा चांगले राहतात. फिनलंडच्या कार्यक्रमाचा पाया हाच. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ने 2019 साली आणखी पुढे जाऊन सांगितलं की मोठ्यांनी आणि किशोरवयीनांनी नुसता साल्ब्युटामॉलचा पंप वापरूच नये, सोबत स्टेरॉइड हवंच. म्हणजे जो निळा पंप बहुतेकांना ‘खरं औषध’ वाटतो, तो एकटा पुरेसा नाही.

‘बरं वाटलं’ हीच फसगत दुसरीकडेही दिसते. मृग लागला की हैदराबादला औषध भरलेला जिवंत मासा गिळायला रांगा लागतात. त्याने दमा बरा होतो असा पुरावा नाही. दमा ऋतूंप्रमाणे आपोआप चढतो-उतरतो, आणि उतरला की श्रेय माशाला मिळतं.

गैरसमज: हे शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचं काम

फिनलंडने नवी रुग्णालयं बांधली नाहीत. प्रत्येक आरोग्य केंद्रात दम्याची जबाबदारी असलेला एक डॉक्टर आणि एक नर्स नेमली, फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री गावपातळीवर शिकवली, रुग्णाच्या हातात ‘त्रास वाढला तर काय करायचं’ याचा लेखी आराखडा दिला. औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टलाही जोडून घेतलं. मला यातला फार्मासिस्टच सर्वांत मोलाचा वाटतो. पंप चुकीचा ओढला तर औषध घशातच राहतं, आणि ते बघायला दर महिन्याला भेटणारा माणूस दुकानातच असतो.

हे श्रीमंत देशालाच परवडतं, असं म्हणणाऱ्यांनी ब्राझीलच्या साल्व्हादोर शहराकडे पाहावं. तिथे तीव्र दम्याच्या गरीब रुग्णांच्या घरात उत्पन्नाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग दम्यावर जात होता. 2003 च्या सुमारास ‘प्रोआर’ कार्यक्रमाने त्यांना पंप फुकट द्यायला सुरुवात केली, सोबत नियमित तपासणी आणि शिक्षण. तीन-चार वर्षांत शहरातले दम्यामुळे रुग्णालयात दाखल होणारे लोक जवळजवळ तीन-चतुर्थांशांनी घटले.

गैरसमज: हवेचं कोण काय करणार?

बार्सिलोनात 1981 ते 1987 दरम्यान 26 दिवस असे आले की त्या-त्या दिवशी दमेकऱ्यांची तातडीच्या विभागात एकदम झुंबड उडाली. संशोधकांनी तारखा जुळवल्या, आणि गाठ पडली ती बंदरात सोयाबीन उतरवण्याच्या दिवसांशी. तिथल्या एका कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या. त्या बसवल्या आणि साथी थांबल्या. एकेका रुग्णाला तपासून हे कधीच कळलं नसतं. शहराची नोंद एकत्र ठेवली म्हणून कळलं.

नोंदी आणि योजनांच्या बाबतीत आपल्याकडे कागद अगदीच कोरा नाही. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात दमा आहे. ब्युडेसोनाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आशाताई घरोघरी जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात धाप लागते का आणि चुलीत काय जाळता, हे विचारलेलं असतं. मात्र तो फॉर्म तिशीपुढच्यांचा, आणि दमा बऱ्याचदा लहानपणीच सुरू होतो. मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत जातात आणि त्यांच्या तीस आजारांच्या यादीत श्वासनलिकांचा हा विकारही आहे. तेव्हा शाळेत पथक येणार असेल, तर रात्री खोकणाऱ्या आणि धावताना थांबणाऱ्या मुलाचं नाव वर्गशिक्षकांनी आधीच लिहून ठेवावं. तपासणीच्या पाच मिनिटांत मूल बहुधा अगदी ठणठणीत दिसतं.