एजंटशिवाय घर घेतलं तर पैसे वाचतात का?

परवा न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. त्यांचं घर शोधणं चालू आहे. "तू इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी करतेस ना, मग सांग. आम्ही स्वतःचा एजंट घेतला नाही तर पैसे वाचतील का?" मी "वाचतील की" म्हणणारच होते, पण थांबले. का थांबले ते सांगते, प्रपोजल लिहिताना उपयोगी पडेल.

पहिली आयडिया काय येते? विक्रीचा डेटा घ्यायचा, एजंट असलेले खरेदीदार एकीकडे, नसलेले दुसरीकडे, आणि सरासरी किमतींची तुलना. झालं! पण एजंटशिवाय घर घेतं कोण? ज्या घरात भाड्याने राहतोय तेच विकत घेणारा. नात्यातल्या माणसाकडून घेणारा. स्वतः वकील असलेला. यांना घर स्वस्त पडलं ते एजंट नव्हता म्हणून, की मुळात ही माणसंच वेगळी म्हणून? सरासरीतून हे कळत नाही. हाच सिलेक्शन बायस. "कंट्रोल टाकू" म्हणाल, तर घरमालकाशी असलेली दहा वर्षांची ओळख कुठल्या कॉलममध्ये सापडणार?

दुसरी अडचण मला जास्त आवडते, कारण ती व्यवहार कसा चालतो हे माहीत असल्याशिवाय दिसतच नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षं विक्रेता आपल्या एजंटशी साधारण ५-६ टक्के कमिशन ठरवायचा आणि तो एजंट त्यातला जवळपास अर्धा वाटा खरेदीदाराच्या एजंटला द्यायचा. खरेदीदार एकटाच आला तर? बऱ्याचदा सगळी रक्कम विक्रेत्याच्या एजंटच्या खिशात. त्यामुळे जुन्या डेटात "एजंट नसला तरी बचत नाही" असं दिसलं, तरी त्यावरून एजंट उपयोगाचा ठरत नाही. वाचलेले पैसे खरेदीदारापर्यंत यायला वाटच नव्हती.

१७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सने कोर्टातल्या तडजोडीत मान्य केलं की एमएलएसवर, म्हणजे एजंटांच्या सामायिक यादीत, खरेदीदाराच्या एजंटचं कमिशन जाहीर होणार नाही, आणि घर बघण्याआधी खरेदीदार व त्याचा एजंट यांच्यात लेखी करार होईल. मग आधी-नंतर तुलना करायची? सावकाश. बदल देशभर जवळपास एकदमच झाला, तुलनेला न बदललेलं राज्य कुठून आणणार? त्यात सप्टेंबरमध्ये फेडने व्याजदर अर्धा टक्का उतरवला.

अशा वेळी प्रश्न थोडा सरकवावा लागतो. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन यांनी २००८च्या पेपरमध्ये तेच केलं. शिकागो परिसरातल्या जवळपास १ लाख विक्री घेतल्या आणि बघितलं, की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा काय होतं. घराची वैशिष्ट्यं जमेस धरूनही ती घरं सरासरी ९.५ दिवस जास्त बाजारात राहिली आणि ३.७ टक्के जास्त किमतीला गेली. काय सुंदर तुलना आहे! माणूस तोच, ज्ञान तेच, फक्त पैसे कुणाचे ते बदललं.

अर्थात ही विक्रेत्याची बाजू. खरेदीदाराचं गणित आपण मांडू. घर ४ लाख डॉलरचं, एजंटचं कमिशन २.५ टक्के, म्हणजे १०,००० डॉलर. त्याने घासाघीस करून किंमत १०,००० ने उतरवली तर बहिणीचे १०,००० वाचले, आणि एजंटचे स्वतःचे २५० गेले. तो लबाडच असेल असं नाही, पुढचं गिऱ्हाईक मिळायला नावही राखावं लागतं. पण टक्केवारी त्याला त्या दिशेने ढकलत नाही, एवढं नक्की.

बहिणीला म्हटलं, वकील आणि घराची तपासणी यात काटकसर करू नकोस, ती कामं एजंटची नाहीतच. आणि विक्रेत्याच्या एजंटला लेखी विचार, "आमच्याकडून एजंट नसेल तर किंमत किती कमी कराल?" तिने मेल पाठवलाय. त्यांचं उत्तर आलं, "भेटून बोलू."